शेवटच्या घराला हात

शहराच्या शेवटच्या घराला हात लावून परत यायचं, हा बाबांचा रोज सकाळचा नेम. घरं पुढे सरकत गेली, तसा त्यांचा फेरा लांबत गेला.

"शहर वाढणारच, बाबा. त्यालाच प्रगती म्हणतात," मी हिरिरीने वाद घालायचो.

"वाढू दे की खुशाल! पण माझे पाय कुठून वाढवून आणू?"

पुढे मोकळ्या हवेच्या हौसेपायी मीच अगदी टोकाला घर घेतलं, आणि आमच्या गाठीभेटी फोनवरच उरकू लागल्या.

आज भरदुपारी बेल वाजली. दारात घामाघूम बाबा, माझ्या भिंतीला हात टेकवून उभे.

"एवढं चालत आलात? अहो, आधी आत तरी या!"



"नको रे, हात लावून झाला. आता निघालो, तरच अंधाराच्या आत घरी पोचेन."