हनुवटी आत, दहा वेळा

मोबाइलमध्ये वाकून वाकून निलेशची मान पुढे आली होती. फिजिओथेरपिस्टने सांगितलं, "रोज सकाळी ताठ उभे राहा, हनुवटी आत ओढा आणि मान उजवीकडे झुकवा. दहा वेळा."

चारकोपच्या आपल्या गॅलरीत निलेश इमानेइतबारे सुरू झाला. दुसऱ्याच दिवसापासून समोरच्या बिल्डिंगमधली तेजलही मान हलवायला लागली, पण वर-खाली. बिचारीचा व्यायाम चुकतोय असं वाटून, रविवारी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी त्याने तिला गाठलंच. "अगं, अशी वर-खाली नको हलवू, मानेची वाट लागेल!"

तेजलने कपाळावर हात मारला.

"अरे येड्या, तू रोज मानेनं या टपरीकडे खुणावून 'चहाला येतेस का' विचारतोस, म्हणून मी आठवडाभर हो म्हणतेय!"