विहिरीपाशी बसलेला माणूस

दादा बेपत्ता होऊन एकोणीस दिवस झाले होते. शोधून शोधून हरलेल्या त्याच्या नर्स बहिणीने शेवटी त्याचा कॉम्प्युटर उघडला. त्याने शेवटचा डाउनलोड केलेला एक फुकटचा, साधासा गेम समोर आला. त्यात एक जंगल होतं, एक विहीर आणि काठावर बसलेला माणूस.

त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली, “चिमणे, किती उशीर केलास गं!”

तिला चिमणी फक्त दादाच म्हणायचा.

“दादा, घरी चल रे!” ती पडद्यासमोरच रडायला लागली.

“इथे कुणाला तरी बसावंच लागतं. बसशील?”

खाली ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच होतं. तिने डोळे पुसले आणि ‘हो’ दाबलं.

आतल्या खोलीतून दादाची हाक आली, “चिमणे, कुठे आहेस?”

तिला धावत सुटायचं होतं, पण विहिरीच्या काठावर तिचे पाय नुसते डावीकडे-उजवीकडे सरकत राहिले.