लाल रेघेखालचे एकोणीस

निवासी डॉक्टर नोरा कोव्हाचच्या पत्राला डॉ. प्रुइट यांनी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता. ‘सर, तुमच्या तक्त्यात लाल रेघेखाली माझ्याआधी एकोणीस जण आहेत. त्यांतले सर्जनच्या बोर्डाची परीक्षा किती जण पास झाले? एकही नसेल तर तसं लिहा. मी महिनाअखेरच्या शुक्रवारी सर्जरी सोडते.’

आज तो शुक्रवार होता.

क्लीव्हलँडच्या त्या हॉस्पिटलात निवासी डॉक्टरांची दर जानेवारीत चाचणी व्हायची. तिच्या गुणांवरून पुढे सर्जन म्हणून मान्यता देणाऱ्या बोर्डाच्या परीक्षेत कोण टिकणार, हे प्रुइट यांचा तक्ता सांगायचा; लाल रेघेखालचा तिथे नापास होणार, असा त्याचा अर्थ. बावीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. दुसऱ्या हॉस्पिटलांतून त्याच्या प्रती मागवल्या जायच्या. विभागप्रमुख म्हणून बोर्डाच्या अर्जांवर सहीही त्यांचीच लागे. समोरासमोर बोलायला मात्र त्यांना अवघड वाटे.

दुपारी ते उत्तर खिशात घालून अपघात विभागात आले. चिठ्ठीवर दोनच शब्द होते : एकही नाही.

तेवढ्यात दार आपटलं. छातीत गोळी लागलेला एक बसचालक स्ट्रेचरवरून आत आला. मागून ओरडत त्याचा भाऊ, आणि त्याच्यामागे दोन पोलीस.

नोरानं बरगड्यांमधून सरळ सुरी फिरवली, फासळ्या फाकवल्या आणि हात आत घालून हृदयाच्या भोकावर बोट दाबून धरलं. रक्त तिच्या बुटांत उतरलं.

“माझ्या भावाला फाडतेस?” भावानं सलाइनचा स्टँड उचलून तिच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

नोराचा हात हलला नाही. ती नर्सला म्हणाली, “बर्निस, त्याला धर, नाहीतर मला तरी धर. बोट काढलं की हा गेला.”

दुसरा घाव तिच्या कानावर बसला. मग पोलिसांनी भावाला खाली पाडलं. त्याचे दात फरशीवर घरंगळले. नोरा स्वतःचं रक्त थुंकत टाके घालत राहिली. चौथ्या टाक्याला हृदयानं ठोका धरला.

“डॉक्टर, या आता बाहेर,” बर्निस नर्स म्हणाली. प्रुइट चादरींच्या गाड्यामागे लपून बसले होते. “चादरी सुखरूप आहेत. ह्या टाक्यांना तुमच्या तक्त्यात किती गुण हो?”

नोरा नाकात बोळे कोंबत होती. “सर, आज शुक्रवार.”

प्रुइट गाड्यामागून उठले. ते आपल्या खोलीत गेले. जुन्या एकोणीस फायली त्यांनी टेबलावर काढल्या आणि एकेक उघडून पाहिली. मग चिठ्ठीवर, त्या दोन शब्दांखाली, एक ओळ वाढवली. नोराच्या बोर्डाच्या अर्जावर सही करून तो सोबत जोडला आणि जिना उतरून तिच्या टपालाच्या कप्प्यात टाकला.

‘एकही नाही. कारण त्यांच्यापैकी एकालाही मी परीक्षेला बसू दिलं नव्हतं.’