नक्की?

पदवीच्या तोंडी परीक्षेत एदेल्मिराने फळ्यावर शेवटचं उत्तर लिहिलं: छत्तीस टन. पुलाचा एवढा भार डाव्या खांबावर येणार होता. आधीचा एक प्रश्न चुकला होता, त्यामुळे आता पदवी याच उत्तरावर अडली होती. उत्तर बरोबर होतं. परीक्षकांमध्ये बसलेले सातुर्निनो सर मनातल्या मनात हरखले. तिला शिकवलं होतं त्यांनीच.

मग सवयीने त्यांनी विचारलं, "नक्की?"

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत, उत्तर बरोबर असो की चूक. पोरांनी नुसत्या आकड्यामागे धावू नये, तो आपण कसा काढला हेही एकदा मागे वळून बघावं, एवढाच त्यांचा हट्ट. ओरुरो शहरातल्या त्या इंजिनियरिंग कॉलेजात पोरांनी त्यांचं नावच 'नक्की' ठेवलं होतं. खरं सांगायचं तर, ते त्यांना आवडायचं.

एदेल्मिराचा चेहरा उतरला. तिने फळ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. डस्टर उचललं, छत्तीस पुसले आणि अठरा लिहिले.

"अगं, का पुसलंस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून, सर."

"मी सगळ्यांनाच विचारतो!"

तिने डस्टर खाली ठेवलं. "माहीत आहे, सर. पण बाकी सगळ्यांनी मला आजवर चुकल्यावरच विचारलंय."

शेजारच्या परीक्षकाने पेनाला टोपण लावलं. "फळ्यावर शेवटी राहिलं ते उत्तर. नियम तुमचाच आहे, सातुर्निनो."

सातुर्निनोंना स्वतःच्या जिभेची चीड आली. पोरांना स्वतःच्या मनात डोकावा म्हणून सांगत आलो, आणि या पोरीच्या मनात काय बसलंय ते आपण कधी पाहिलंच नाही.

दार उघडून एदेल्मिरा निघाली, मागोमाग सातुर्निनो. बाहेर तिची आई सकाळपासून ताटकळत होती. पदवी मिळाली की डोक्यावर उधळायचे रंगीत कागदाचे कपटे तिने पिशवी भरून आणले होते. लेक दिसताच तिने एक मूठ तिच्यावर उधळली, दुसरी सातुर्निनोंच्या टकलावर.

"उपकार झाले, इंजिनियरसाहेब! पोरीला विचार करायला तुम्हीच शिकवलंत."

एदेल्मिरा मान खाली घालून उभी राहिली. केसांत लाल-पिवळे कपटे अडकले होते. आईचा हात पिशवीतच थांबला. तिने लेकीकडे पाहिलं, मग सातुर्निनोंकडे.

"पास झाली ना?" तिने हळूच विचारलं. "नक्की?"