आयुधपूजेची चकाकी

विभावरीने डबा उघडला आणि ती मटकन खुर्चीत बसली. टायटॅनियमच्या चोवीस चकत्या, शर्टाच्या बटणाएवढ्या, आरशासारख्या लखलखत होत्या. काल संध्याकाळी त्या राखाडी होत्या, खरखरीत होत्या, आणि तशाच हव्या होत्या.

"कशा झाल्या?" दारात मल्हारराव उभे होते, शाबासकीची वाट बघत. "उद्या आयुधपूजा अल्वा, नाही का? कारखान्यातलं सगळं घासून काढलं. तुमचंच तेवढं मळकट राहिलेलं, नोडी, बघा की. बघवेना मला."

म्हैसूरजवळच्या कडकोळच्या त्या कारखान्यात हाडात बसवायचे स्क्रू बनत, आणि पॉलिशवर मल्हाररावांचा हात तीस वर्षांचा. नवरात्रात म्हैसूरचा माणूस पान्यापासून स्कूटरपर्यंत सगळं चकचकीत करून पूजतो, त्यात त्यांचा काय दोष? पण संशोधनासाठी पुण्याहून आलेल्या विभावरीला एवढा विचार करायला सवड नव्हती. आठ महिने तिचे प्रयोग जुळत नव्हते. एकाच डब्यातल्या चकत्या, पण निकाल एकदा असा, एकदा तसा. महिनाअखेरपर्यंत मेळ बसला नाही तर तिचं काम बंद होणार होतं.

"अहो, खडबडीतच हव्या होत्या त्या!" ती ओरडली. मग त्यांचा पडलेला चेहरा बघून तिने आवाज खाली आणला. "शरीरात धातू गेला की आधी पहारेकरी पेशी धावून येतात. गुळगुळीत लागला तर त्या चिडलेल्याच राहतात, सूज हटत नाही. बारीक खडबड लागली की त्या निवतात आणि दुरुस्तीचा निरोप देतात. मग हाड येऊन धातूला धरतं. मी तेच तपासतेय."

"अय्यो." मल्हारराव स्टुलावर टेकले. त्यांनी मिशांवरून हात फिरवला. मग भीत भीत म्हणाले, "पण बाई, सगळ्या कुठे खडबडीत होत्या? सात-आठ चकत्यांना एका अंगाला घासावंच लागलं नाही. आधीच गुळगुळीत होत्या."

विभावरी उठून उभी राहिली.

चकत्या खडबडीत करणाऱ्या त्याच मशीनमधून आलेला आणखी एक डबा कपाटात होता. मल्हाररावांनी एकेक चकती चिमट्यात धरली आणि खिडकीच्या उजेडात आडवी केली. "ही बरी. ही बरी. हिला टक्कल आहे. हिलाही." विभावरीने ती प्रत्येक चकती मायक्रोस्कोपखाली घातली. एकदाही म्हातारा चुकला नाही. कडेला नखाच्या टोकाएवढा भाग गुळगुळीत सुटलेला होता. मशीनमधला वाळूचा झोत तिरका बसत होता, आणि ती आठ महिने पेशींना, पाण्याला, शेवटी स्वतःलाच बोल लावत आली होती.

तिला हसू आवरेना. डोळेही भरून आले. "मल्हारराव, दसरा झाला की माझ्याकडे बसा. तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक चकती पुढे जाणार नाही."

"घासायला?"

"छे! नुसतं बघायला."

मल्हारराव थोडे खट्टू झाले, मग त्यांनाही हसू फुटलं. "बघतो की. त्याला काय!"

दुसऱ्या दिवशी मशीनना झेंडूच्या माळा चढल्या. देवीपुढे केळीच्या पानावर कारखान्यातला एकेक नग मांडला होता, एकापेक्षा एक लखलखीत. मल्हाररावांनी विभावरीकडून एक चांगली चकती मागून आणली आणि मधोमध ठेवली. मॅनेजर यशोधन आरतीला वाकले, तेवढ्यात त्यांना तो राखाडी ठिपका दिसला. त्यांनी रुमाल काढून हात पुढे केला.

मल्हाररावांनी त्यांचं मनगटच धरलं.

"बेडा सार, पुसू नका! इतकी छान खडबडीत आलीय."