तळ्यातली पंगत

डबा वाजवूनही रोहू वर येईनात, तेव्हा मोरेश्वरराव ओशाळून शेततळ्याच्या काठावरच बसले. "मी परत येईपर्यंत माझी पोरं सांभाळा," असं इस्पितळात जाताना इंदुमतीनं बजावलं होतं. पण तिच्या हाताला सोकावलेले मासे त्यांच्याकडे फिरकत नव्हते.

मळभ दाटलेल्या एका सकाळी मात्र सगळं तळं तोंडं वर करून त्यांची वाट पाहत होतं. मोरेश्वररावांना गहिवरून आलं. कोंडा-पेंड कालवून त्यांनी घमेलंभर ओतली, दुपारी पुन्हा ओतली. "ओळखलंत की रे मला," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, तेव्हा पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. शेजारच्या तळ्याचा बळवंत धावत आला. "काका, मळभात मासा तोंड वर काढतो ते भुकेनं नाही, जीव गुदमरतो म्हणून. अशा वेळी पंप लावायचा, खाणं बंद. काकू घासभरही टाकत नसत. तुमची पेंड कुजली आणि होती ती हवाही गेली."

खिशातला फोन वाजला. "जेवली का माझी पोरं?" इंदुमतीचा आवाज आज बऱ्याच दिवसांनी तरतरीत होता.

"पोटभर," असं म्हणून ते घमेलं घेऊन पाण्यात उतरले.