दोन थेंब

"हे बघ, सकाळी आणखी तीन!" शंकरप्पानं मेलेले मासे वर्तमानपत्रावर ठेवून पीरसाबच्या नाकासमोर धरले. "रोगट माल गळ्यात मारतोस व्हय रं?"

शंकरप्पाच्या दारात सगळी चाळ जमली होती. त्यानंच जमवली होती. पीरसाब बिचारा घरच्या हौदात रंगीत मासे वाढवायचा आणि विजापूर वेशीच्या बाजारात विकायचा. मेलेल्या माशांच्या बदली दोनदा त्यानं फुकट मासे दिले होते. पण शंकरप्पाची जीभ एकदा सुटली की सुटली. महिन्याभरात चाळीतलं कुणी पीरसाबकडून मासा घेईना.

शंकरप्पा गिरणीत तेलवाला. बावीस वर्षं मागांना तेल घालून घालून त्याला फिरती वस्तू कोरडी बघवत नसे. सायकल, पंखा, बायकोची शिलाई मशीन, पाळण्याच्या कड्या, सगळ्यांना रोज दोन थेंब. "यंत्राला तेल आन् मानसाला भाकर, चुकवायची न्हाय," असं तो येईल त्याला ऐकवायचा.

घरातल्या माशांच्या काचेच्या टाकीत पाणी फिरवायचा विजेचा पंप त्याच्या मेव्हण्यानं जहाजावरून आणला होता. मोटर टाकीच्या काठावर, पाती पाण्यात. काय गरागरा पाणी फिरायचं! बघायला गिरणीतली माणसं यायची आणि शंकरप्पाची छाती फुगायची.

पीरसाब भांडला नाही. टाकीत बोट बुडवून त्यानं वास घेतला. मग पंपाच्या पाण्यात उतरलेल्या दांडीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"आप्पा, हे यंत्र कोन बघतंय?"

"मीच! दुसऱ्या कुनाला हात लावू देतो का? रोज सकाळी दोन थेंब..."

पुढचं तोंडातच राहिलं. खिडकीतलं ऊन टाकीवर पडलं होतं आणि पाण्यावर रंगीत तवंग हलत होता. गिरणीच्या गटारावर असाच तवंग असायचा. त्या गटारात बावीस वर्षांत त्याला एक बेडूकसुद्धा दिसला नव्हता.

पीरसाब त्याच्या कानाशी वाकला. "ह्याला पानीच तेल असतंय, आप्पा."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं शंकरप्पाला झालं. बाहेर सगळी गिरणीचीच माणसं. तेलवाल्यानंच तेल पाजून मासे मारले म्हटल्यावर उद्या गिरणीत तोंड कुठं लपवायचं?

पीरसाबनं त्याचा चेहरा बघितला. मग दाराकडं वळून तो मोठ्यानं म्हणाला, "मासळी माजीच खराब व्हती. चुकलं माजं."

"बघा! आमी म्हनलोच व्हतो की!" शेजारचा कुंडलिक ओरडला.

शंकरप्पाची महिनाभर न थांबलेली जीभ आता टाळ्याला चिकटली होती. पीरसाब आपला रिकामा डबा घेऊन निघाला. त्याचा धक्का लागू नये म्हणून दारातल्या गर्दीतल्या मथुराबाईनं पदर आवरून घेतला. ते मात्र शंकरप्पाला बघवलं नाही. खिडकीतली तेलाची कुप्पी उचलून तो अनवाणीच बाहेर धावला.

"थांबा, पीरसाबभाई!" सगळ्यांना दिसेल अशी कुप्पी त्यानं वर धरली. "ह्यांची मासळी चांगली व्हती. मीच तिला रोज ह्यातलं दोन थेंब पाजत व्हतो."